शॉर्ट ट्रॅव्हल माउंटन बाइकचे (एमटीबी) पुढचे-मागचे टायर : या चुका टाळा

जून जवळ आला की ठरलेला प्रश्न येतो. "दादा, पावसाळ्यासाठी टायर सुचवा, ग्रिप पाहिजे आणि रोडवर पण पळाला पाहिजे." मग प्रत्येक जण आपल्या सायकलवर जो आहे त्याचं नाव सांगतो. विचारणारा कुठे चालवतो, वजन किती, रिम केवढी, हे कुणीच विचारत नाही, आणि ऑगस्टमध्ये तेच टायर 'जवळजवळ नवीन' म्हणून विकायला निघतात. हे बघून बघून कंटाळा आलाय, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

शॉर्ट ट्रॅव्हल म्हणजे ज्यांचं सस्पेन्शन १०० ते १२० मिमी दबतं अशा सायकली मी धरतोय, हार्डटेल (सस्पेन्शन फक्त पुढे) असो नाहीतर फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे). आणि जमीन आपली, पुण्याच्या आसपासची: टेकडीवरचा सुटा मुरूम, काळा कातळ, पावसात त्यावर शेवाळ, उन्हाळ्यात सराटे, आणि ट्रेलला (कच्च्या पायवाटेला) पोचेपर्यंत दहा-पंधरा किलोमीटर डांबर. हे डांबर सगळे विसरतात. कॅनडातल्या ओल्या जंगलातले व्हिडिओ बघून टायर घेणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की तो माणूस गाडीतून सायकल उतरवतो आणि तुम्ही बाणेरहून पेडल मारत येताय.

चूक पहिली : चांगला टायर मागे, उरलेला पुढे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे यावर जरा जास्तच बोलणार आहे.

लोकांचा हिशेब असा असतो की जोर मागच्या चाकाला लागतो, चढावर मागचं चाक सटकतं, झिजतंही मागचंच, मग नवीन आणि जाड गोट्यांचा (टायरवरच्या रबरी उंचवट्यांचा) टायर मागेच टाकायचा ना. ऐकायला बरोबर वाटतं. पण मागचं चाक घसरलं तर सायकल शेपूट हलवते, तुम्ही 'अरे अरे' म्हणता, पाय टेकता आणि पुढे जाता. पुढचं घसरलं तर 'अरे' म्हणायलाही वेळ मिळत नाही, थेट जमीन. वळणं आणि बहुतेक ब्रेकिंग पुढच्या टायरवर असतं, उतारावर ब्रेक दाबला की वजनही पुढेच येतं. म्हणून सुरुवात कायम पुढच्या टायरपासून करायची, आणि मग त्याच्यापेक्षा थोडा जास्त पळणारा, थोडा कमी चावणारा टायर मागे शोधायचा.

आमच्यातल्याच एकाचा किस्सा. नवीन १२० मिमीची सायकल, स्वभाव उतावळा. मुळशीकडच्या एका चढावर मागचं चाक दोन-तीनदा जागीच फिरलं तर गड्याने घरी येऊन मागे २.४ इंचाचा दणकट टायर चढवला आणि मागचा अर्धा झिजलेला एक्ससी (क्रॉस-कंट्री, हलका आणि पळणारा) टायर पुढे लावला. मी म्हणलं, उलटं कर. तो म्हणाला, "पुढचं चाक काय, नुसतं फिरतं, त्याला कशाला महागाचा टायर." पुढच्याच रविवारी उतारावर एक डावं वळण होतं, बाहेरच्या बाजूला कललेलं, वर बारीक मुरूम आणि खाली टणक जमीन, म्हणजे फरशीवर ज्वारी सांडल्यासारखा प्रकार. मी मागे होतो त्यामुळे सगळं नीट दिसलं. हँडल वळलं, सायकल वळलीच नाही, आणि पुढच्या क्षणी तो कोपरावर घसरत चाललेला. कोपराची सालटी गेली, गियरचा शिफ्टर तुटला, मागच्या गियरचा डिरेलर हँगर वाकला. आणि बसल्या जागी पहिलं वाक्य काय, तर "ब्रेक जरा जास्त लागला वाटतं." ब्रेक नाही रे बाबा. त्या टायरच्या बाजूच्या गोट्याच शिल्लक नव्हत्या, वळताना पकडणार काय?

सायकल दुरुस्त झाल्यावर मी स्वतः बसून तेच दोन टायर अदलाबदल केले. एक रुपया खर्च नाही. नंतर तेच वळण तो निवांत घेतो. आणि चढावर सटकणारं मागचं चाक? ते टायरचं दुखणं नव्हतंच. साहेब चढावर उभे राहून पेडल मारत होते. सीटच्या टोकावर सरकून बसा, छाती खाली घ्या, पेडलला धसके देऊ नका, मागची हवा दोनेक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी करा, निम्मं सटकणं तिथेच बंद होतं. पण हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो, कारण यात विकत घ्यायला काहीच नसतं.

जोड्या हव्या असतील तर कंपन्यांनी स्वतःच सोय केलेली आहे. श्वाल्बेचा रेसिंग रे पुढच्यासाठी आणि रेसिंग राल्फ मागच्यासाठी, जोडीनेच बनवलेत. व्हिटोरियामध्ये पुढे बार्झो, मागे मेझकाल ही जुनी आणि चांगली जोडी. मॅक्सिसमध्ये पुढे फोरकास्टर आणि मागे रेकॉन, किंवा कोरड्यात पुढे रेकॉन आणि मागे आयकॉन. मी स्वतः वर्षभर पुढे मोकळ्या (विरळ) गोट्यांचा २.४ आणि मागे दाट गोट्यांचा २.२५ किंवा २.३५ ठेवतो. पावसाळ्यात फक्त पुढचा बदलतो, तोही आळस आला नाही तर.

मागे मऊ रबर घालू नका, डांबर ते खाऊन टाकतं. पुढे मऊ, मागे कडक. मॅक्सिसचं मॅक्सग्रिप किंवा श्वाल्बेचं अल्ट्रा सॉफ्ट मागे लावून रोज टेकडीपर्यंत रोडने जाणारे लोक मी पाहिलेत, दोन-तीन महिन्यांत मधल्या गोट्या सपाट. मग म्हणायचं टायर महाग आहेत.

आणि मागचा झिजला की नवीन टायर पुढे लावायचा, पुढचा, रबर फार मऊ नसेल तर, मागे सरकवायचा. झिजलेला कधीच पुढे जात नाही. विषय संपला.

चूक दुसरी : १२० मिमीच्या सायकलला डाउनहिलचे बूट

व्हिडिओ बघून आलेली चूक. डबल प्लाय केसिंगचा, म्हणजे अंगाला दुहेरी थर असलेला डाउनहिल शर्यतीचा, एक किलो दोनशे ग्रॅमच्या आसपासचा टायर दोन्हीकडे लावायचा आणि मग विचारायचं की सायकल एवढी जड का चालते. एक्ससीचा साधा टायर साडेसहाशे-सातशे ग्रॅमचा असतो. म्हणजे दोन्ही मिळून एक किलो वाढला, तोही चाकाच्या अगदी कडेला, जिथे प्रत्येक वेळी वेग घेताना तो जाणवतो. शॉर्ट ट्रॅव्हलची सगळी मजा तिच्या चपळपणात आहे, तीच घालवलीत. आणि टायर कितीही चावरा लावला तरी फोर्क (पुढचं सस्पेन्शन) १२० चाच राहतो. टायरवर विश्वास ठेवून वेग वाढतो आणि मग फोर्क तळाला लागतो, तेव्हा कळतं.

अजून एक गंमत. मधल्या आणि बाजूच्या गोट्यांमध्ये रुंद मोकळी पट्टी असलेले टायर, मिनियन डीएचएफसारखे, सायकल चांगली आडवी केल्याशिवाय पकडत नाहीत. नवशिका सायकल आडवी करत नाही, हँडल वळवतो. मग तो त्या मोकळ्या पट्टीवरच तरंगत राहतो आणि म्हणतो एवढा नावाजलेला टायर पण घसरतो. टायर उत्तमच आहे हो, तुमच्यासाठी नाहीये अजून. मधली जागा भरलेला, गोल प्रोफाइलचा टायर घ्या, हळूहळू पकड सुटते तेव्हा आधी इशारा देतो.

चूक तिसरी : हवा

खरं तर हीच पहिल्या नंबरवर पाहिजे होती. अर्ध्या लोकांना नवीन टायरची गरजच नसते, हवा मोजायच्या गेजची असते.

कॉलेजमधला एक मुलगा, पॉकेटमनी साठवून ब्रँडेड जोडी घेतली आणि पहिल्याच राइडला सगळीकडे घसरला. निष्कर्ष काय, तर दुकानदाराने डुप्लिकेट टायर दिले. दुकानात जाऊन भांडून आला. माझ्याकडे सायकल आणली तेव्हा मी टायर अंगठ्याने दाबला, दबेना. गेज लावला तर पुढे ४८, मागे ५० च्या वर. कारण पेट्रोल पंपावर ॲडॅप्टर लावून हवा भरली होती आणि साइडवॉलवर (टायरच्या बाजूवर) कमाल ६० लिहिलेलं होतं. तो म्हणाला, "लिमिटच्या आतच आहे ना." आतच आहे, पण कमाल म्हणजे टायरची मर्यादा, तुम्ही किती भरावी याचा सल्ला नव्हे. एवढ्या हवेत टायर दगडाला मिठी मारत नाही, त्यावरून उडतो. ट्यूब होती म्हणून पुढे २६, मागे २८ केली, त्याच टेकडीवर फिरवून आणलं, पोरगं गप्प. दुकानदाराची माफी मागितली का हे मी विचारलं नाही.

माझा अंदाज सांगतो, याला शास्त्र समजू नका. ७०-७५ किलोचा माणूस, २९ इंची २.३५ टायर, ट्यूबलेस असेल तर पुढे २१-२२, मागे २४ च्या आसपास. ट्यूब असेल तर चार-पाच जास्त, नाहीतर दगडावर रिम आपटून ट्यूबला सापाने चावल्यासारखी दोन भोकं पडतात. पुढे कायम मागच्यापेक्षा कमी. तिथून एकेक पीएसआय कमी करत जायचं, वळणात टायर लडबडायला लागला किंवा रिम दगडाला लागल्याचा ठक आवाज आला की दोन वाढवायचे आणि थांबायचं. छोटा डिजिटल गेज घ्या आणि कायम तोच वापरा, दोन पंपांचे काटे कधीच एकसारखं बोलत नाहीत. अंगठ्याने दाबून आकडा सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. माझ्यावर पण नाही, मला फक्त ५० कळतं.

बाकीच्या चुका, भराभर

साइज. इंचांवर जाऊ नका, साइडवॉलवर दुसरा आकडा असतो तो बघा. २९ ला ६२२, साडेसत्तावीसला ५८४, २६ ला ५५९. हा जुळला नाही तर टायर बसणारच नाही, ढकलून बघू नका.

रुंदी. रिमची आतली रुंदी २५ मिमी असेल तर २.२५ ते २.४ छान बसतात. जुन्या १९ मिमीच्या रिमवर २.६ चढवलात तर टायर फुग्यासारखा गोल होतो आणि वळणात कुशीवर लोळतो.

जागा. २.४ लिहिलेला टायर तुमच्या रिमवर २.३ पण भरू शकतो आणि २.५ पण, आणि हवा भरून दोन दिवस ठेवला की थोडा फुगतोही. मागे चेनस्टेमध्ये (मागच्या चाकाच्या दोन बाजूंच्या फ्रेमच्या दांड्यांमध्ये) दोन्ही बाजूंना पाच-सहा मिमी तरी मोकळे पाहिजेत. फुल सस्पेन्शन असेल तर शॉकची हवा काढून सायकल पूर्ण दाबून बघा, टायर सीट ट्यूबला (सीटखालच्या नळीला) लागतो का. एवढं करायला दहा मिनिटं लागतात आणि कुणी करत नाही. मग फ्रेमचा रंग खरवडला की फोटो पाठवतात.

बाण. दिशा दाखवणारा बाण असतो, बघा. उलटा लावलात तर जग बुडत नाही पण पुन्हा काढून लावायचा कंटाळा तुम्हालाच येणार.

टॅन वॉल, म्हणजे तपकिरी बाजूचे टायर. दिसतात भारी. दिसतात.

वायर बीडचा (कडेला तार असलेला) स्वस्त टायर ट्यूबलेस करायचा जुगाड. नको. ट्यूबलेस रेडी लिहिलेलाच टायर घ्या, रिमही तशीच पाहिजे, टेप आणि व्हॉल्व्ह नीट बसवा. उतारावर टायर रिमवरून उतरला तर वाचलेले हजार रुपये कुणी मोजत बसत नाही.

पावसाळ्याबद्दल

'मडचा टायर' मागणाऱ्यांना एक विचारतो, चिखल कुठला? मुरमाच्या ओल्या पायवाटेवर मोकळ्या गोट्यांचा साधा ट्रेल टायर पुरतो. काळ्या चिकट मातीत कुठलाही टायर चालत नाही, ती गोट्यांमध्ये बसते, मग फोर्कमध्ये बसते, मग सायकल खांद्यावर. आणि त्या मातीत चालवून पडलेले चर उन्हाळ्यापर्यंत तसेच राहतात, म्हणून मुसळधार पावसानंतर दोन दिवस तिकडे जाऊच नका. शेवाळलेल्या कातळावर उंच गोट्यांचा काही उपयोग नाही, तिथे रबर मऊ पाहिजे आणि हवा कमी. शिवाय हँडल सरळ ठेवायचं, ब्रेक आधीच मारून घ्यायचा, कातळावर बोटं लिव्हरपासून लांब. हे कुठला टायर तुमच्यासाठी करणार नाही.

पाऊस संपला की सराटे आणि बाभळीचे काटे. सीलंट (ट्यूबलेस टायरमध्ये भोक बुजवायला टाकतात ते द्रव) आपल्या उन्हात दोन-तीन महिन्यांत वाळतं, हलवून आवाज आला नाही तर भरायची वेळ झाली. 'गेल्या वर्षी टाकलं होतं' म्हणणाऱ्यांच्या टायरमधून मी रबराची वाळकी साय सोलून काढली आहे. काटा दिसला तर ट्रेलवर घाईने उपसू नका, हवा जात नसेल तर घरापर्यंत तसाच राहू दे. जात असेल तर काढा, भोक खाली येईल असं चाक फिरवा आणि मिनिटभर थांबा. मिनिटभर म्हणजे मिनिटभर, दहा सेकंदांनी पंप काढू नका.