रॉ छायाचित्रांसाठी सॉफ्टवेअर कसे निवडावे

बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवरील प्रत्येक बिंदू लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाचा प्रकाश मोजतो आणि रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने तयार चित्र न बनवता जपलेल्या फाइलमध्ये, ही मोजमापे साठवलेली असतात. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून हिशेबाने काढण्याचे काम सॉफ्टवेअर करते. हा हिशेब प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या पद्धतीने करत असल्यामुळे एकच फाइल दोन ठिकाणी उघडली, तर त्वचेचा रंग, केसांचे बारकावे आणि अंधाऱ्या भागातील नॉइज (दाणेदार ठिपके) निरनिराळे दिसतात. म्हणूनच कोणाच्याही शिफारशीवर न विसंबता आपल्याच फाइलींवर पारख करून सॉफ्टवेअर निवडावे.

सर्वप्रथम आपल्या कॅमेऱ्याचे नेमके मॉडेल त्या सॉफ्टवेअरच्या यादीत आहे का, हे पाहावे. केवळ कंपनीचे नाव जुळणे पुरेसे नाही. कॅननने २०१८ मध्ये सीआर३ हा नवा फाइल प्रकार आणला, तेव्हा आधीच्या सॉफ्टवेअरांना त्या फाइली उघडता येत नव्हत्या. फुजीफिल्मच्या एक्स-ट्रान्स सेन्सरवर रंगांची मांडणीच वेगळी असते, त्यामुळे असा कॅमेरा असणाऱ्यांनी गवत आणि दाट पानांचा एखादा फोटो अवश्य तपासावा.

पैसे खर्च करण्यापूर्वी कॅमेरा कंपनीचे मोफत सॉफ्टवेअर वापरून पाहावे. कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल आणि निकॉनचे एनएक्स स्टुडिओ कॅमेऱ्यात निवडलेली रंगशैली ओळखतात, म्हणून त्यांतील चित्र कॅमेऱ्याच्या पडद्यावरील चित्राच्या सर्वांत जवळ जाते. इतर सॉफ्टवेअरमध्ये फोटो क्षणभर टवटवीत दिसून लगेच फिका पडतो. फाइल बिघडली असे समजून नवखे लोक घाबरतात; प्रत्यक्षात आधी दिसते ती फाइलमध्येच दडलेली जेपेग प्रतिमा असते आणि नंतर दिसते ते त्या सॉफ्टवेअरने स्वतः केलेले रूपांतर असते. मोफत पर्यायांत डार्कटेबल आणि रॉथेरपी ही मुक्त सॉफ्टवेअरेही आहेत. त्यांची ताकद मोठी आहे, पण डार्कटेबल हाताला बसायला काही आठवडे द्यावे लागतात. विकतच्या सॉफ्टवेअरांपैकी मोठा संग्रह सांभाळण्यासाठी लाइटरूम, स्टुडिओत कॅमेरा संगणकाला जोडून काम करण्यासाठी कॅप्चर वन आणि नॉइज व लेन्सचे दोष काढण्यासाठी डीएक्सओ फोटोलॅब यांचा विचार करावा, असे माझे मत आहे.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्याच संग्रहातून चार अवघड फोटो निवडावेत: खिडकीच्या उजेडातला चेहरा, जास्त आयएसओवर (म्हणजे प्रकाशासाठीची संवेदनशीलता वाढवून) रात्री काढलेला फोटो, अंधाऱ्या ओसरीतून बाहेरचे लख्ख आकाश दिसणारा फोटो आणि एखादा भडक रंगाचा फोटो. चौथ्यासाठी मी विसर्जन मिरवणुकीतला, गुलालाने माखलेला चेहरा वापरतो. गुलालात लाल रंगाची मात्रा सर्वांत आधी कमाल मर्यादेला पोहोचते आणि गालावर एकसंध, सपाट डाग उरतो. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, तर जेपेगमध्ये २५६. त्यामुळे एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) थोडे उतरवल्यावर चांगल्या रूपांतरात गुलालाचे कण आणि त्याखालची त्वचा वेगळी दिसू लागते. फोटो शंभर टक्के मोठा करून भुवई आणि कपाळ यांच्या सीमेवर पाहावे, तिथे फरक चटकन कळतो. मात्र तिन्ही रंगांची कमाल मर्यादा ओलांडली गेली असेल, तर तेथील तपशील कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.

चार फोटोंवर समाधान झाले की ट्रायलच्या मुदतीत एका अख्ख्या समारंभाचे तीनशे फोटो त्यात तयार करून पाहावेत. संगणकाचा वेग तेव्हाच कळतो. एआयवर चालणारी नॉइज काढण्याची सोय बरीचशी ग्राफिक्स कार्डावर अवलंबून असते.

शेवटी, केलेले संस्करण, म्हणजे फोटोत केलेले बदल, कुठे साठते, हे विचारावे. लाइटरूम ते कॅटलॉग या स्वतःच्या नोंदसंग्रहात ठेवते, तर डार्कटेबल आणि रॉथेरपी मूळ फाइलशेजारी छोटी जोडफाइलही तयार करतात. नवी हार्ड डिस्क घेतली तेव्हा मी फक्त रॉ फाइली हलवल्या, जोडफाइली मागे राहिल्या आणि दोन वर्षांची मेहनत गेली. एका सॉफ्टवेअरमधील संस्करण दुसऱ्यात जसेच्या तसे उतरत नाही, हेही लक्षात घ्यावे. २०१५ मधील लाइटरूम ६ ही एकरकमी विकत मिळणारी त्याची शेवटची आवृत्ती होती. आता सबस्क्रिप्शन संपल्यावर लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो पाहता येतात, पण फोटोत बदल करण्याचा डेव्हलप विभाग बंद होतो. म्हणून कोणतेही सॉफ्टवेअर निवडले, तरी घरातल्या मोलाच्या फोटोंची १६ बिट टिफ (तयार चित्राचा एक फाइल प्रकार) प्रत काढून ती रॉ फाइल आणि जोडफाइलीसह दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावी.