लोणावळ्यात जुन्या गाड्यांची रविवारची भेट कशी जमवायची

जुन्या गाडीवाल्यांनी एकत्र भेटायचं ठरलं की ग्रुपवर आधी टीशर्टचा रंग आणि लोगो यावरच शंभर मेसेज पडतात. ते राहू दे बाजूला. आधी हे बघा की येणाऱ्या गाड्यांमध्ये सगळ्यात नाजूक गाडी कोणाची आहे आणि अख्खा प्लॅन त्या गाडीवरून करा, किती वाजता निघायचं, कुठल्या रस्त्याने, कुठे कुठे थांबायचं सगळं. कारण बारातली एक जरी घाटात बसली तरी बाकीच्या अकरा तिथेच थांबणार, तिला टाकून कोणी पुढे जात नाही आणि जाऊही नये.

लोणावळा धरून सांगतो कारण मुंबई-पुणे दोघांनाही मधे पडतं. पुणेकरांना साधारण 65 किलोमीटर, नाव घेण्यासारखा चढ नाही, त्यामुळे ते आधी पोचून मुंबईवाल्यांना टोमणे मारत बसतात. मुंबईवाल्यांना मात्र बोरघाट चढून यायचंय, तेव्हा खरी तयारी त्यांची.

महिना डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात नकोच, एकतर तेव्हाचं लोणावळ्याचं रविवारचं ट्रॅफिक म्हणजे नवी गाडीसुद्धा रडते, आणि आपले वायपर, आपला पत्रा, जाऊ दे. निघायचं उजाडलं की लगेच, त्याआधी नको कारण डायनॅमोवाल्या (बॅटरी चार्ज करायला जुना जनरेटर असलेल्या) गाड्यांच्या हेडलाइटचा उजेड म्हणजे नावाला. एक्सप्रेसवे टाळा, 100 च्या स्पीडने धावणाऱ्या गाड्यांमध्ये 50 ने चालणारी गाडी घालायची म्हणजे मागच्यालाही धोका. जुन्या हायवेने पनवेल, खोपोली करत या.

खोपोलीला सगळ्यांनी थांबायचंच, गाडी एकदम मस्त चालतेय म्हणणाऱ्याने पण. बॉनेट उघडा, पाण्याचा लीक, फॅन बेल्ट, होस पाइप बघून घ्या. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे दरवेळी सांगावं लागतं. घाटात दोन गाड्यांमध्ये भरपूर अंतर ठेवा म्हणजे पुढचा हळू झाला तरी तुम्हाला थांबून परत चढावर क्लच जाळत उठायला नको. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, त्यात चार माणसं आणि डिकीत सामान, मग तिला दुसऱ्या गिअरमध्ये शांतपणे चढू द्या, मागून ट्रकवाला हॉर्न मारेल, मारू दे. सामान आणि जास्तीची माणसं सपोर्टच्या नव्या गाडीत टाका (एक नवी गाडी सगळ्यात मागे हवीच, मेकॅनिक तिच्यात बसवा).

चढावर गाडी झटके देऊन बंद पडली आणि तापमानाचा काटा वर असला तर बहुतेक वेळा इंजिनला पेट्रोल पोचवणाऱ्या गाडीतल्या पंपातच पेट्रोलची वाफ झालेली असते. लगेच सेल्फ मारत बॅटरी संपवू नका. त्या पंपावर आणि पेट्रोलच्या लाइनवर ओलं फडकं टाका, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बऱ्याचदा चालू होते. तोवर घाटातल्या शिंगरोबाच्या देवळात नाणं टाकायचं राहिलं असेल तर तेही उरकून घ्या, ड्रायव्हर लोकांची जुनी पद्धत आहे.

पेट्रोलवरून आठवलं, आता पंपावर मिळतं त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही, पाइप फुगतात, चिरतात, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा) जातो. पेट्रोलचे पाइप आधीच नवीन घालून घ्या, इथेनॉलला चालणारेच मागा, आणि टाकीत महिनोन्‌महिने पडलेलं पेट्रोल घेऊन तर निघूच नका, इथेनॉल पाणी ओढतं.

सोबत इग्निशनचे सुटे भाग म्हणजे पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, प्लग, शिवाय, फॅन बेल्ट, दोन कॅन पाणी, टो करायचा दोर, चाकाखाली लावायला लाकडी ठोकळे आणि आग विझवायचा सिलिंडर, हा प्रत्येक गाडीत, ग्रुपमध्ये मिळून एक नाही. जंप केबल पण घ्या पण लावण्याआधी विचारा. खूप जुन्या गाड्या 6 व्होल्टच्या असतात, त्यांना 12 व्होल्ट देऊ नका, आणि मॉरिस मायनरसारख्या ब्रिटिश गाड्यांना बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते (नेहमीच्या गाड्यांना निगेटिव्ह), घाईत उलटी केबल लागली की धूर.

कागदपत्रं. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी सगळ्यांचं आठवडाभर आधी ग्रुपवर मागून घ्या. ज्यांनी 2021 च्या नियमाखाली विंटेज म्हणून नोंदणी केलीय (गाडीला 50 वर्षं पूर्ण हवीत, मूळ स्वरूपात हवी, नंबरमध्ये व्हीए येतं) त्यांना ती गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच, म्हणून कार्यक्रमाचं छापील निमंत्रण गाडीत ठेवा. नुसतं मिसळ खायला चाललोय असं पोलिसांना सांगू नका म्हणजे झालं.

जागा शोधताना हॉटेलचा मेनू नंतर बघा, आधी आवार बघा. सपाट हवं, कारण जुन्या हँडब्रेकवर भरवसा नाही. आत-बाहेर जायला वेगळी गेट असली तर उत्तम, रिव्हर्स घेताना पॉवर स्टिअरिंग नसतं. मालकाला आधीच सांगा की आम्ही प्रत्येक इंजिनखाली पुठ्ठा टाकू, आणि खरंच टाका, कारण ऑइल गळणारच, त्याच्या फरशीवर डाग पडले तर पुढच्या वर्षी दारात उभं करणार नाही. रस्त्यावर लावायच्या भानगडीत पडू नका, गर्दी जमते आणि मग परवानगीचा प्रश्न येतो.

लोक बघायला येणारच, तेच तर हवंय. प्रत्येक गाडीसमोर एक कागद लावा, मॉडेल, वर्ष, कोणाकडून आली, एवढंच मराठीत. मुलांना स्टिअरिंगवर बसू द्या, बॉनेटवर नको, पँटच्या बकलने रंग जातो. आणि कोणी 1983-84 ची मारुती 800 किंवा शेवटच्या काळातली पद्मिनी घेऊन आला तर हे विंटेज नाही म्हणून नाकं मुरडू नका. कुर्ल्याला पद्मिनी बनणं बंद होऊनही आता दोन दशकांच्या वर झाली, आणि काळी-पिवळी पद्मिनी तर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. बक्षीस द्यायचंच तर सगळ्यात चकाचक गाडीला देऊ नका, ती बहुतेक टेम्पोवर चढवून आणलेली असते, स्वतःच्या चाकांवर सगळ्यात लांबून आलेलीला द्या.

जेवण साडेबारापर्यंत उरका. दोननंतर एकही गाडी थांबू नये कारण मुंबईवाल्यांना घाट घाई न करता उतरायचाय, ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवले की तापून पकडच सोडतात. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारा हिरो ग्रुपमध्ये असेल तर त्याला सगळ्यात पुढे ठेवू नका. खाली खोपोलीला परत सगळ्यांची हजेरी घ्यायची, घरी पोचल्यावर प्रत्येकाने मेसेज टाकायचा, आणि जेवणाचे पैसे निघायच्या आधी तिथेच गोळा करायचे, नंतर ग्रुपवर मागितले की सगळ्यांचं नेटवर्क जातं.