वापरकर्ते टिकत नसतील तर काय करावे: नवोदित प्रॉडक्ट मॅनेजरसाठी

‘वापरकर्ते टिकत नाहीत, काय कराल?’ असे विचारले की प्रॉडक्ट मॅनेजर होऊ पाहणारे बहुतेक जण नोटिफिकेशन, बक्षिसाचे गुण, सवलती अशी उपायांची यादी सांगू लागतात. नवशिक्यांना तसेच शिकवले जाते आणि ते शिकवणे मला मुळीच मान्य नाही. जी यादी कोणत्याही ॲपसाठी जशीच्या तशी म्हणता येते, तिच्यात समोरच्या ॲपचा विचार झालेलाच नसतो. आधी निदान करावे, उपायांकडे त्यानंतर वळावे.

प्रथम प्रश्न ॲडॉप्शनचा आहे की रिटेन्शनचा, हे एका वाक्यात लिहून काढावे. ज्यांनी सुरुवात करायला हवी होती त्यांनी ती केलीच नाही, तर तो ॲडॉप्शनचा प्रश्न. सुरुवात करून सोडून दिले, तर रिटेन्शनचा.

यानंतरची पायरी सर्वांत अवघड आहे आणि तिच्यावरच सर्वांत कमी वेळ दिला जातो: ‘टिकलेला वापरकर्ता’ कोणाला म्हणायचे, हे ठरवणे. मीही याच पायरीवर दीर्घकाळ अडखळत असे, म्हणून ती सविस्तर सांगतो.

या व्याख्येत पहिली गोष्ट म्हणजे कृती. खर्चाची नोंद ठेवणाऱ्या ॲपमध्ये ‘ॲप उघडले’ एवढ्यावरून काहीच कळत नाही, कारण नोटिफिकेशनवर चुकून बोट पडलेला माणूसही त्या आकड्यात मोजला जातो. ‘किमान एक खर्च नोंदवला’ ही कृती मोजावी, कारण माणूस ज्या कामासाठी आला होता ते काम तेथे घडते. कृती निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: एवढे केले आणि बाकी काहीही केले नाही, तरी वापरकर्त्याचे काम झाले असे म्हणता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरी कृती शोधावी.

दुसरी गोष्ट म्हणजे कालावधी. दर दिवशी किती जण परत आले हा आकडा सर्रास मागितला जातो, परंतु मासिक बिल भरण्याच्या ॲपकडे रोज येण्याचे कोणालाच कारण नसते, आणि तेथे रोजचे रिटेन्शन वाढवण्याचा हट्ट धरला तर लोकांना विनाकारण त्रास देण्यापलीकडे काही साधत नाही. कालावधी अंदाजाने ठरवू नये. ज्यांनी ती मुख्य कृती किमान दोनदा केली आहे असे वापरकर्ते घ्यावेत, प्रत्येकाच्या पहिल्या आणि दुसऱ्या कृतीत किती दिवस गेले ते मांडावे आणि साधारण ८० टक्के लोक जितक्या दिवसांत परत आले तेवढा कालावधी धरावा. येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे: कालपरवा आलेल्यांना परत येण्याएवढा वेळच मिळालेला नसतो, त्यामुळे त्यांना या मोजणीत घेतले तर कालावधी खोटा आणि छोटा दिसतो.

तिसरी गोष्ट मोजण्याच्या पद्धतीची. ‘नेमके सातव्या दिवशी आले’ आणि ‘सातव्या दिवशी किंवा त्यानंतर कधीही आले’ ही दोन वेगळी मापे आहेत. डेटा तोच असला तरी दुसऱ्या मापाचा आकडा पहिल्यापेक्षा कधीच कमी येत नाही. कोणते माप वापरले ते आलेखाखाली लिहिलेले नसेल, तर त्या आलेखावर चर्चा करण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

एवढे ठरले की कोहोर्ट, म्हणजे एकाच काळात आलेल्या वापरकर्त्यांचा गट, मांडणे सोपे आहे. एकाच आठवड्यात आलेल्यांचा एक गट करावा आणि प्रत्येक कालावधीत त्यांच्यातील किती जणांनी ती कृती केली ते पाहावे. समजा १,००० जण आले आणि पुढच्या आठवड्यांत त्यांच्यापैकी ४२०, ३००, २५०, २४५, २४३ जण उरले. हे आकडे आलेखावर मांडले तर रेषा हळूहळू आडवी होते, म्हणजे काही लोकांना या ॲपची खरोखर गरज आहे. ते कोण आहेत आणि बाकीचे सुरुवातीलाच का गळाले, हे शोधायचे आहे. रेषा शून्याकडेच सरकत राहिली तर ऑनबोर्डिंगचे, म्हणजे नव्या वापरकर्त्याला ॲपची ओळख करून देणारे, स्क्रीन बदलत बसू नये, कारण प्रश्न उत्पादनाच्या मुळाशी आहे. एकूण सक्रिय वापरकर्त्यांचा आकडा या कामी वापरू नये. नवे लोक येत राहिले की मागची गळती त्याखाली झाकली जाते.

मग कोहोर्ट फोडून पाहावा: कोणत्या मार्गाने आले, कोणते उपकरण वापरतात, पहिल्याच भेटीत मुख्य कृती केली की नाही. कित्येकदा ॲपमध्ये काहीच बदललेले नसते. एखाद्या जाहिरातीने भलतेच आश्वासन देऊन चुकीचे लोक आणलेले असतात.

आकडे गळती कोठे आहे ते दाखवतात. ती का आहे हे मात्र सोडून गेलेल्यांशी बोलल्याशिवाय कळत नाही. ‘ॲप का सोडलेत?’ असे विचारू नये, कारण लोक ‘वेळ मिळत नाही’ असे सौजन्यपूर्ण उत्तर देऊन मोकळे होतात. ‘हे ॲप शेवटच्या वेळी उघडलेत तेव्हा काय करायला बसला होतात? ते काम मग कसे पूर्ण केलेत?’ असे विचारावे. ‘आता वहीत लिहून ठेवतो’ असे उत्तर आले तर तुमची स्पर्धा वहीशी आहे. नोकरी शोधण्याचे ॲप नोकरी मिळाल्यामुळे सोडलेल्या माणसाला गळतीत धरू नये.

याच टप्प्यावर जादुई आकड्याचा मोह होतो: अमुक कृती इतक्या वेळा झाली की वापरकर्ता टिकतोच, असा आकडा. फेसबुकच्या वाढीची जबाबदारी सांभाळलेल्या चमथ पालिहापितिया यांनी नव्या वापरकर्त्याला ‘१० दिवसांत ७ मित्र’ मिळवून देण्याचे लक्ष्य जाहीरपणे सांगितले आणि तेव्हापासून प्रत्येक जण आपल्या ॲपसाठी असाच आकडा शोधू लागला. ज्यांनी जास्त नोंदी केल्या ते टिकले, एवढ्यावरून नोंदी करायला लावले की लोक टिकतील असे सिद्ध होत नाही. ज्यांना मुळातच गरज होती तेच जास्त नोंदी करत असतील. हे तपासायचे तर नव्या वापरकर्त्यांचे यादृच्छिक दोन गट करून एकालाच बदल दाखवावा लागतो.

एखाद्या नव्या फीचरचे ॲडॉप्शन पाहताना सर्व वापरकर्ते छेदात घेऊ नयेत. ज्यांना ते फीचर लागू आहे त्यांच्यापैकी किती जणांना ते दिसले, किती जणांनी करून पाहिले आणि किती जणांनी पुन्हा वापरले, हे तीन आकडे वेगवेगळे ठेवावेत.

प्रयोग सुरू करण्यापूर्वी कोणता आकडा किती बदलला तर बदल ठेवायचा, हे लिहून ठेवावे. सोबत नोटिफिकेशन बंद करणाऱ्यांचे आणि ॲप काढून टाकणाऱ्यांचे प्रमाणही पाहावे. तुमचा कालावधी महिन्याचा असेल, तर पहिल्या आठवड्यात वर गेलेली रेषा कोणालाही दाखवू नये. दोन्ही गटांना पूर्ण कालावधी मिळाल्यानंतरच निकाल मांडावा.