जुनं रेकॉर्ड-कटिंग मशीन दुरुस्त करताना या चुका टाळा

ग्रामोफोन बिघडला तर दुरुस्तीनंतर रेकॉर्ड पुन्हा छान वाजते. रेकॉर्ड कापणाऱ्या, म्हणजे आवाज थेट कोऱ्या चकतीवर कोरणाऱ्या, मशीनला ही सवलत नाही. टर्नटेबल किंचित अडखळलं, बेअरिंग घरघरलं, की ते सगळं खाचेत कोरलं जातं आणि कायम राहतं. म्हणून मशीन फिरायला लागलं म्हणजे दुरुस्त झालं, असं कृपया मानू नका.

उदाहरणासाठी न्यूयॉर्कच्या प्रेस्टो कंपनीची १९३०-४० च्या दशकांतली मशीनं घेऊ. ६ मे १९३७ ला अमेरिकेत लेकहर्स्टमध्ये हिंडेनबर्ग हवाईजहाज पेटलं, तेव्हाचं रेडिओ निवेदक हर्बर्ट मॉरिसनचं वर्णन प्रेस्टोवरच कापलं गेलं. ते आज बहुतेकदा मूळ वेगापेक्षा जलद वाजवलं जातं, त्यामुळे मॉरिसनचा खालच्या पट्टीतला आवाज उंच वाटतो. वेगाची गडबड किती काळ टिकते, ते यावरून कळावं.

‘ट्रान्सफॉर्मर लावला की झालं’

सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. अमेरिकन मोटर ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झची. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झला, म्हणजे विजेच्या वारंवारतेला, हात लावत नाही. मोटरचा वेग हर्ट्झवर ठरतो, म्हणून ती सहापैकी पाच भाग वेगाने फिरते: मिनिटाला ७८ च्या जागी साधारण ६५ फेरे, ३३⅓ च्या जागी जेमतेम २८. अशा मशीनवर काळी एकमध्ये गायलेलं गाणं कापून ७८ वर वाजवलं, तर ते पांढरी तीनच्या आसपास ऐकू येईल, आणि लयही तेवढीच चढेल.

याहून वाईट म्हणजे तपासणीसुद्धा खोटं बोलते. मशीनबरोबर आलेली स्ट्रोब चकती (दिव्याखाली रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर, असं सांगणारी) ६० हर्ट्झसाठी आखलेली असते. ७८ साठी तिच्यावर ९२ रेघा असतात. ५० हर्ट्झच्या दिव्याखाली याच रेघा ६५ फेऱ्यांना स्थिर दिसतात. वेग चुकलेला आणि चकती म्हणते सगळं ठीक! आपल्या दिव्याखाली ७८ साठी ७७ आणि ३३⅓ साठी १८० रेघांची चकती हवी. दिवाही साधा निऑनचा घ्या, कारण बऱ्याच एलईडी दिव्यांत रेघा दिसतच नाहीत.

उपाय दोन. ६० हर्ट्झची शुद्ध साइन वेव्ह देणारा कन्व्हर्टर लावा, किंवा जिथे टर्नटेबल फिरवणारं रबरी चाक थेट मोटरच्या शाफ्टला टेकतं तिथे शाफ्टवर १.२ पट व्यासाची बुश चांगल्या टर्नरकडून बसवून घ्या. मला कन्व्हर्टर पटतो, कारण मूळ भागांना धक्का लागत नाही. तोवर चाचणीपुरतं ५० हर्ट्झवर चालवायचंच असेल, तर डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) व्होल्टेज ९५ च्या आसपास ठेवा, नाहीतर मोटर तापते. पहिल्यांदा वीज देताना सिरीजमध्ये बल्ब लावा. जुन्या वायरींचं रबर हात लावताच चुरा होतं. त्या बदला आणि बॉडीला अर्थिंग द्या.

रबर, बेअरिंग, आटे

वर्षानुवर्षं शाफ्टला टेकून राहिलेल्या रबरी चाकाला खड्डा पडतो आणि ठराविक अंतराने ‘धप’ ऐकू येतं. घड्याळ लावून मोजा. ३३⅓ वर दर १.८ सेकंदांनी धपका आला तर दोष टर्नटेबलचा, त्याहून जलद आला तर बहुधा चाकाचा. चाक हाताने पॉलिश पेपरवर घासू नका, गोलाई जाते. नवं रबर चढवून, यंत्रावर ग्राइंड करून घ्या.

सच्छिद्र ब्रॉन्झच्या बुश पेट्रोलमध्ये बुडवून ‘स्वच्छ’ करणं हीसुद्धा नेहमीची चूक. त्यांच्या छिद्रांतलं तेलच त्यांचं वंगण असतं. धुतल्या गेल्या असतील तर पुन्हा तेल मुरवावं लागतं. ग्रीस भरलं तर छिद्रं बुजतात.

कटरला रेकॉर्डवर आडवं सरकवणाऱ्या लीड स्क्रूच्या आट्यांत वाळलेलं ग्रीस राहिलं की खाचा कुठे दाटीवाटीने, कुठे विरळ पडतात. तिरक्या उजेडात रेकॉर्डवर पट्टे दिसतात. नायलॉनचा ब्रश आणि थोडं रॉकेल पुरे. आट्यांना पॉलिश पेपर लावू नका.

कटर हेड उघडण्याची घाई

आवाज बसका किंवा कर्कश आला की हात हेडकडे, म्हणजे सुई हलवून खाच कोरणाऱ्या भागाकडे, जातो. आत आर्मेचरला (सुई हलवणाऱ्या लोखंडी तुकड्याला) धरून ठेवणारं रबर कडक झालेलं असतं, निदान बरोबरच असतं. पण चुंबकाची टोकं जोडणारा लोखंडी पूल न लावता चुंबकाचे भाग सुटे केले तर त्याची ताकद उतरते. आणि लेथच्या टेबलावर हेड उघडलं तर लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटून फटीत जाऊन बसतो. ते काम जाणकाराकडे द्या.

त्याआधी काहीही न वाजवता मुकी खाच कापून ऐका. गुणगुण आली तर वाजवणारी सुई उचला. तरीही आली तर दोष तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरचा. सुई उचलल्यावर थांबली तर मोटरची थरथर किंवा कटरच्या वायरिंगमधली हम खाचेत उतरली आहे. सळसळ जास्त आणि खाच चकचकीत नसून राखाडी असेल, तर कापणारी सुई बोथट आहे किंवा तिचा कोन चुकला आहे. कापताना चकतीचा कीस सलग केसासारखा निघाला पाहिजे. तो नायट्रोसेल्युलोजचा असतो आणि क्षणात पेट घेतो. ओढून घेऊन झाकणाच्या डब्यात ठेवा, जवळ विडी-सिगारेट नको.

खोक्यातल्या जुन्या चकत्या

मशीनबरोबर कापलेल्या लॅकर चकत्या (नायट्रोसेल्युलोजच्या लॅकरचा थर दिलेल्या) आल्या, तर त्यांवर चाचणी करू नका. त्यांच्या दुसऱ्या प्रती बहुधा नसतातच. वर पांढरी चिकट बुरशी वाटते ती अनेकदा लॅकरमधून बाहेर आलेली चरबीची आम्लं असतात. रबरी चाक पुसायला चालणारं अल्कोहोल इथे अजिबात नको, लॅकर विरघळतं. युद्धकाळातल्या काही चकत्या आतून अ‍ॅल्युमिनियमच्या नसून काचेच्या आहेत, त्यामुळे दोन्ही हातांनी, कडेने उचला. लॅकर सुटायला लागलं असेल तर मशीनचं काम बाजूला ठेवून त्या आधी डिजिटाइझ करून घ्या.