लांबच्या प्रवासात मनगटांना आराम देणारा हँडलबार कसा निवडावा

मोटरसायकलचा हँडलबार बदलण्याचा विचार बहुतेक वेळा उंचीपासून सुरू होतो. बार थोडा उंच केला की तळहातांवरचा भार हलका होतो हे खरेच आहे. परंतु भार कमी होऊनही मनगट वाकडेच राहिले, तर दोन-तीन तासांनी दुखणे पुन्हा डोके वर काढते. म्हणून निवड करताना पहिला निकष कोनाचा असावा, असे माझे ठाम मत आहे. बसल्या जागेवरून हात सहज पुढे केले असता कोपरापासून बोटांच्या मुळांपर्यंत एक सरळ रेषा राहिली पाहिजे, आणि ही रेषा जो बार टिकवून ठेवतो तोच त्या चालकासाठी योग्य होय.

यामागचे कारण मनगटाच्या रचनेत आहे. तळहाताकडे जाणारी एक मुख्य नस मनगटातील एका अरुंद बोगद्यातून बोटांच्या स्नायुबंधांसोबत पुढे जाते, आणि मनगट मागे किंवा पुढे वाकले की त्या बोगद्यातील दाब वाढतो. अंगठा, तर्जनी व मधल्या बोटाला मुंग्या येऊ लागल्या, तर संशय या नसेवर घ्यावा. अशा वेळी मनगट बहुधा वर-खाली वाकलेले असते. करंगळी आणि तिच्याशेजारचे बोट बधिर होत असेल, तर तळहाताच्या करंगळीकडील टाचेवर शरीराचा भार पडत आहे किंवा हात त्या बाजूला वळला आहे, असे समजावे. कोणती बोटे आधी बधिर होतात हे नीट लक्षात ठेवले, तर काय बदलायचे याचा अर्धा उलगडा तिथेच होतो. मोटरसायकलवरून उतरल्यानंतरही किंवा रात्री झोपेत मुंग्या येत असतील, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे.

नवा बार घेण्यापूर्वी आहे तोच बार नीट जुळवून पाहावा. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर प्रमाणापेक्षा आडवे बसवलेले असतील, तर त्यांवर बोटे ठेवताना पंजा मागे मुडपतो. नेहमीच्या बैठकीत बसून बोटे लिव्हरवर सरळ टेकवावीत आणि हाताची पाठ कोपराच्या रेषेत येईल इतका लिव्हर खाली फिरवावा. बार क्लॅम्पमध्ये, म्हणजे त्याला मधोमध आवळून धरणाऱ्या पकडीत, किती फिरवला आहे, हेही पाहावे. हात पोहोचावेत म्हणून अनेकजण तो आपल्याकडे ओढून घेतात. त्यामुळे मुठी जवळ येतात खऱ्या, पण त्यांची बाहेरची टोके खाली झुकतात आणि मनगटाला दुसराच पीळ बसतो. सीट पुढच्या बाजूला उतरती असेल, तर शरीर सतत टाकीकडे घसरते आणि ते अडवण्याचे काम तळहातांवर येते. हा दोष कोणताही बार दूर करू शकत नाही. त्यासाठी सीटच सुधारावी लागते, आणि गुडघ्यांनी टाकी धरून पाठीच्या व पोटाच्या स्नायूंवर शरीर तोलण्याची सवय लावावी लागते.

एवढे करूनही त्रास राहिला, तर मोजमाप घ्यावे. मोटरसायकल समतल जागी स्टँडवर सरळ उभी करावी, नेहमीचे जॅकेट घालून बसावे, पाय फूटरेस्टवर ठेवावेत आणि दोन्ही मुठींत एकेक लांब पेन्सिल सैल धरावी. मग बारकडे न पाहता, खांदे सैल आणि कोपरे किंचित वाकलेली ठेवून, जिथे सर्वांत सुखकर वाटेल तिथे हात पुढे करावेत. कोणीतरी वरून, समोरून आणि बाजूने छायाचित्रे घ्यावीत. आपल्याला हव्या असलेल्या बारच्या मुठी कुठे असाव्यात आणि कोणत्या कोनात असाव्यात, हे त्या पेन्सिलीच सांगतात. सहसा त्यांची बाहेरची टोके चालकाकडे थोडी मागे आलेली आणि किंचित खाली झुकलेली दिसतात.

आता ही छायाचित्रे सध्याच्या बारशी ताडून पाहावीत. प्रत्यक्ष मुठी धरल्यावर पंजा अंगठ्याच्या बाजूला वळत असेल, तर बार फार सरळ किंवा फार रुंद आहे. मागे अधिक वळलेला किंवा अरुंद बार हवा. पंजा करंगळीकडे वळत असेल, तर मागचे वळण गरजेपेक्षा जास्त आहे. रुंदी ठरवताना खांद्यांचा अंदाज घ्यावा, पण एक गोष्ट विसरू नये: रुंद बारने मोटरसायकल कमी जोर लावून वळवता येते, म्हणून जड वाहनाचा बार फार अरुंद केल्यास मनगटाचे वाचलेले कष्ट खांद्यांवर जातात.

उंचीचा प्रश्न यानंतर येतो. बारचा आकार ठीक असेल आणि फक्त भार जाणवत असेल, तर रायझर, म्हणजे बार उंच करण्यासाठी त्याच्या खाली लावायचे ठोकळे, पुरेसे ठरतात. फोर्क (पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा) मागे कललेला असल्याने त्याच्या रेषेत रायझर लावले की बार वर जातो तसाच मागेही येतो: कल 25 अंश असेल, तर 30 मिमीच्या रायझरने मुठी साधारण 27 मिमी वर आणि 13 मिमी मागे सरकतात. मात्र अति उंची टाळावी. छातीवर वारा घेत ताठ बसलेला चालक वेग वाढला की मागे ढकलला जातो, आणि तोल राखण्यासाठी मूठ घट्ट आवळतो. लांबच्या प्रवासात ही आवळलेली मूठच मनगटाला सर्वांत जास्त थकवते.

विकत घेताना व्यास तपासावा. क्लॅम्पच्या जागी बारचा व्यास सामान्यतः 22 मिमी, 25.4 मिमी किंवा 28.6 मिमी असतो आणि तो क्लॅम्पशी तंतोतंत जुळावा लागतो. अनेक मोटरसायकलींच्या स्विचच्या डब्यांना आतून एक छोटी खुंटी असते, जी बारमधील छिद्रात बसते. नव्या बारला तसे छिद्र नसेल, तर मेकॅनिककडून अचूक जागी पाडून घ्यावे. क्लिप-ऑन (फोर्कच्या दोन नळ्यांना वेगवेगळे जोडलेले अर्धे बार) काढून एकसंध बार बसवायचा असल्यास वरचा योक, म्हणजे त्या नळ्यांना वरून जोडणारी पट्टी, बदलावा लागू शकतो आणि फेअरिंगला, म्हणजे पुढच्या बाह्य आवरणाला, हात घासण्याचा धोका असतो, त्यामुळे उंच केलेले क्लिप-ऑन हा मार्ग आधी पाहावा.

थरथर हा वेगळा त्रास आहे. बारच्या टोकांना जड वजने लावल्याने ती ज्या वेगाला जाणवते तो वेग बदलतो, आणि जाड, मऊ ग्रिपने बोटांवरचा ताण कमी होतो. पण ग्रिप हाताच्या मानाने फार जाड झाली, तर ती आवळून धरावी लागते.

बार बसवल्यावर दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. कोणतीही केबल, वायर किंवा ब्रेकचा पाइप ताणला जाऊ नये, आणि बोटे टाकीला चेपली जाऊ नयेत. न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू ठेवून बार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावा. इंजिनाचा वेग जरासाही वाढला, तर थ्रॉटलची केबल ओढली जात आहे आणि ती दुरुस्त केल्याशिवाय मोटरसायकल रस्त्यावर नेऊ नये. क्लॅम्पचे बोल्ट निर्मात्याने दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या ठरावीक जोराने) आवळावेत. त्यानंतर पहिल्या लांब फेरीला ॲलन की सोबत न्यावी, आणि तासाभराने थांबून लिव्हर व बारचा कोन एका वेळी थोडाच बदलावा. बारवर खुणेची रेघ ओढून ठेवली, तर आधीच्या जागी परतणे सोपे जाते.