हायकोर्टाने ‘क्वॅश’ केलं म्हणजे नेमकं काय केलं?

छत्रपती संभाजीनगरला खंडपीठाजवळच्या एका वकिली ऑफिसात मी भाषांतराचं काम करते. हायकोर्टाच्या ऑर्डरी मराठीत करायच्या, सातबारे-फेरफार इंग्रजीत. पहिल्याच वर्षी एक घोळ घातला. पैठणकडच्या एका पक्षकारावर बांधाच्या भांडणातून गुन्हा दाखल झाला होता, तो हायकोर्टाने ‘क्वॅश’ केला. मी शब्दकोश उघडला, पहिलाच अर्थ ‘दडपून टाकणे’ दिसला आणि लिहून मोकळी झाले: ‘उच्च न्यायालयाने गुन्हा दडपून टाकला.’ पक्षकाराने कागद घेतला, ओळीखाली बोट फिरवत वाचला आणि म्हणाला, “ताई, हे गावात दाखवलं तर लोक म्हणतील, पैसे चारले.”

शब्दकोश खोटं बोलत नव्हता. मी त्याला अर्धंच विचारलं होतं. तेव्हापासून हा शब्द आला की काय करायचं ते ठरून गेलंय, तेच इथे सांगते.

सगळ्यात आधी बघायचं, क्वॅश काय झालंय? कागद की माणसं? फिर्याद, दोषारोपपत्र, नोटीस, अधिसूचना, बदलीचा आदेश, निवडीचा ठराव असा कागद असेल तर ‘रद्द’ किंवा ‘रद्दबातल’. बंड, दंगा, विरोध असेल तर ‘मोडून काढलं’, ‘चिरडलं’. अफवा या दोन्हींच्या मधे बसते. ती मोडत नाही आणि रद्दही होत नाही, म्हणून तिथे वाक्य फिरवून ‘अफवा खोटी असल्याचं स्पष्ट केलं’ असं सरळ लिहावं.

एका क्रियापदाला असे दोन चेहरे का, हे कळलं की चूक होत नाही. लॅटिनमध्ये हे दोन वेगळे शब्द होते. ‘कासुस’ म्हणजे पोकळ, रिकामा. त्यावरून ‘कासारे’, म्हणजे एखादी गोष्ट पोकळ ठरवणं, तिच्यातला जीव काढून घेणं. दुसरा ‘क्वातेरे’, म्हणजे हलवणं. तेच पुन्हा पुन्हा आणि जोरात केलं की ‘क्वासारे’, म्हणजे गदागदा हलवून फोडणं. जुन्या फ्रेंचमध्ये दोघांचे उच्चार इतके जवळ आले की एकमेकांत मिसळले, आणि चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत उतरले ते एकाच अंगरख्यात. वकिलाने वापरला तर पहिला बाप, सेनापतीने वापरला तर दुसरा.

फ्रेंचमध्ये ही गंमत अजून चालू आहे. ‘कासे’ म्हणजे बशी फोडणं आणि ‘कासे’ म्हणजे निकाल रद्द करणंही. पॅरिसच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नावातच ‘कासासियों’ आहे. ते साक्षीपुरावे नव्याने तपासत नाही. कायदा चुकीचा लावला असेल तर खालचा निकाल मोडतं आणि बहुतेक वेळा प्रकरण दुसऱ्या न्यायालयाकडे पाठवतं. ‘क्वातेरे’चं गोत्रही मोठं आहे: डोक्याला मार लागून होणारं ‘कन्कशन’, वाद्यांमधलं ‘पर्कशन’, इतकंच काय ‘डिस्कस’सुद्धा. विषय हलवून सुटा करायचा, ती चर्चा. संत्र्याच्या सरबताचा ‘स्क्वॉश’ याच घरातला, कारण फळ चिरडलेलं असतं. भोपळ्याच्या जातीचा ‘स्क्वॉश’ मात्र यांचा कोणी नव्हे. तो अमेरिकेतल्या नॅरागान्सेट लोकांच्या ‘आस्कुटास्क्वाश’ या शब्दाचा उरलेला तुकडा आहे.

आता आपला ‘रद्दबातल’ बघा. रद्द अरबी, बातलही अरबी. ‘रद्द’ म्हणजे परत फिरवलेलं, नाकारलेलं. रद्दीवाल्याची ‘रद्दी’ तीच. ‘बातिल’ म्हणजे खोटं, निष्फळ. म्हणजे ‘कासुस’चा पोकळपणा आपल्याकडे आयता आहे. हिंदी कायद्याच्या भाषेत यासाठी ‘अभिखंडित’ लिहितात, त्यात ‘खंड’ आहे, म्हणजे फोडणाऱ्या बापाची बाजू. मला तो शब्द मराठी कागदात नको वाटतो. पक्षकाराला समजत नाही, आणि समजावून सांगायला वकीलसाहेबांना वेळ नसतो.

खालचे शब्द क्वॅशच्या शेजारीच राहतात, पण घर वेगळं. ‘स्टे’ म्हणजे स्थगिती, गुन्हा जिवंतच असतो. ‘डिस्चार्ज’ म्हणजे खटला सुरू होण्याआधी खालच्या कोर्टाने आरोपीला मोकळं करणं, दोषमुक्ती. ‘ॲक्विटल’ म्हणजे खटला चालून झालेली निर्दोष मुक्तता. ‘रिपील’ कायद्याचं होतं, त्याला निरसन म्हणतात. क्वॅश झालेल्या गुन्ह्याला वर्तमानपत्रात ‘निर्दोष सुटका’ छापलेलं दिसलं की माझा चहा कडू होतो. निर्दोष ठरायला आधी खटला चालावा लागतो. इथे खटल्याची गरजच नाही असं कोर्टाने म्हटलेलं असतं.

हा अधिकार पूर्वी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ मध्ये आहे. तरी आमच्याकडे अजून ‘फोर एटी टू टाकलं’ असंच बोलतात. गुन्हा कधी रद्द करता येतो यासाठी हरियाणा विरुद्ध भजनलाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सात प्रकार उदाहरणादाखल दिले. त्यातला पहिला तोंडपाठ असू द्या, कारण निम्म्या ऑर्डरींत तो भेटतो: फिर्यादीतलं सगळं जसंच्या तसं खरं धरलं तरी त्यातून गुन्हा होत नाही. हे वाक्य भाषांतरात सैल करू नका. ‘फिर्याद खोटी आहे’ असं कोर्ट इथे म्हणत नसतं.

‘क्वॅश्ड अँड सेट असाइड’ ही जोडी आली तर दोन शब्दांना दोन शब्द शोधत बसू नये. ‘रद्दबातल ठरवण्यात येत आहे’ एवढं पुरे. ‘रद्दबातल’मध्ये जोडी आधीच आहे.

खरी फजिती होते ती ऑर्डरीत क्वॅश हा शब्दच नसतो तेव्हा. शेवटच्या पानावर एवढंच: ‘रूल मेड ॲब्सोल्यूट इन टर्म्स ऑफ प्रेयर क्लॉज बी.’ म्हणजे अर्जातली ‘बी’ ही मागणी मान्य. मग अर्ज काढायचा, मागण्यांच्या यादीतली ‘बी’ शोधायची. गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणं, कलमं सगळं तिथे असतं. मी भाषांतरात ‘विनंती परिच्छेद ब प्रमाणे’ असं कोरडं लिहून थांबत नाही. लगेच खाली तो परिच्छेद मराठीत उतरवते. नाहीतर कागद वाचणाऱ्याला काय रद्द झालं तेच कळत नाही. उलटाही प्रकार असतो: ‘ॲप्लिकेशन रिजेक्टेड’. तिथे अर्ज गेला, गुन्हा तसाच आहे. घाईत हे दोन्ही ‘रद्द’ म्हणून लिहिले तर अनर्थ होतो. म्हणून अर्ज ‘फेटाळला’ लिहायचं, ‘रद्द’ कधीच नाही.

आणि ‘टू द एक्स्टेंट ऑफ’, म्हणजे ‘इतक्यापुरतंच’, दिसलं की पेन खाली ठेवून पुन्हा वाचायचं. सासरच्या छळाच्या गुन्ह्यात नवरा, सासू, सासरे, नणंद, चुलत दीर अशी सगळ्यांची नावं असतात, आणि कोर्ट बऱ्याचदा लांबच्या नातेवाइकांपुरताच गुन्हा रद्द करतं. तिथे ‘अर्जदार क्रमांक ३ ते ५ यांच्यापुरता’ हे शब्द वाक्याच्या सुरुवातीलाच आणायचे. शेवटी टाकले की कोणी तिथवर वाचत नाही. मागे एका घरातून ऑर्डर झाली त्याच दिवशी ऑफिसात पेढे आले. पेढे आणले होते अर्जदार क्रमांक एकने.