खारवट की चोपण? काळ्या रानाची माती तपासण्याची रीत

कृष्णा-वारणेच्या काठी, वाळवा, पलूस, मिरज पट्ट्यात ऊस पिवळा पडून रान पांढरं फुटलं की पहिला सल्ला जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम देणाऱ्या भूसुधारकाचा मिळतो. नुसत्या खारवट, म्हणजे विरघळणारे क्षार साठलेल्या जमिनीला जिप्समची गरज नसते. तिला निचरा आणि गोडं पाणी हवं असतं. चोपण, म्हणजे कणांना सोडियम चिकटलेल्या जमिनीला मात्र नुसतं पाणी देत राहिलं तर ती जास्तच बिघडते. विरघळलेले क्षार धुऊन जातात, सोडियम मातीच्या कणांना धरून राहतो, कण सुटे होतात आणि पाणी मुरायच्या वाटा बुजतात. म्हणून आधी मोजणी, मग जिप्समची ट्रॉली.

नमुना एप्रिल-मेमध्ये, वळीव पडण्याआधी घ्या. त्या वेळी क्षार सर्वांत वर आलेले असतात. दरवर्षी तुलना करायची असेल तर महिना बदलू नका, कारण पावसाने तोच क्षार दोन फूट खाली गेलेला असतो. रान वापशावर हवं. ओल्या काळ्या मातीत गिरमिट रुतून बसतं आणि सुकलेल्या रानात भेगा असतात. भेगेजवळ गिरमिट लावू नये, कारण वरची माती भेगेतून खाली पडलेली असते आणि खालच्या थराचा आकडा खोटा येतो.

सरीच्या रानात क्षार वरंब्याच्या माथ्यावर साठतो, ठिबकच्या रानात ओल संपते त्या कडेला. म्हणून वरंबा आणि सरीचा तळ यांचे नमुने वेगळे घ्या. तसंच पिकाला मार बसलेला पट्टा वेगळा आणि शेजारचं चांगलं रान वेगळं. दोन्हींची माती एकत्र केली तर जो सरासरी आकडा मिळतो, तसं रान शिवारात कुठेच नसतं. प्रत्येक पट्ट्यात सात-आठ ठिकाणी ०–१५, १५–३०, ३०–६० आणि ६०–९० सेंटिमीटर असे चार थर काढा. गिरमिटावरच्या मातीचा बाहेरचा थर खरवडून टाका. पांढरा पापुद्रा आधी खुरप्याने काढून वेगळ्या पिशवीत भरा. खताच्या रिकाम्या पोत्यात माती कधीच भरू नका. पोत्याला चिकटलेला युरिया-पोटॅश वाहकता वाढवतो आणि नंतर ते ओळखताही येत नाही.

माती सावलीत वाळवा, लाकडी मोगरीने फोडा, २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. भट्टीत वाळवू नका, कारण जमिनीत जिप्सम असेल तर त्यातलं बांधलेलं पाणी उष्णतेने उडतं.

पहिली ढोबळ चाचणी म्हणजे माती आणि पाणी १:२.५ प्रमाणात घेऊन केलेली. २० ग्रॅम मातीत ५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी घाला, अर्धा तास अधूनमधून ढवळा आणि सामू (पीएच) मोजा. मग माती बसू द्या आणि वरच्या निवळीत वाहकता, म्हणजे ईसी मोजा. दुकानातलं बॅटरीचं पाणी वापरायचं असेल तर आधी त्याचीच ईसी बघा, ती ०.०१ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर ते पाणी बाजूला ठेवा. ईसी मीटर ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडवर लावा. वाळवलेलं ०.७४५६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड एक लिटर पाण्यात विरघळवलं की २५ अंशांना १.४१३ आकडा यायला हवा. मीटरमध्ये तापमानाची दुरुस्ती नसेल तर दर अंशाला सुमारे २ टक्के फरक धरावा लागतो, आणि सांगलीच्या मे महिन्यात प्रयोगशाळा २५ अंशांवर क्वचितच असते. सामू मीटर ७ आणि ९.२ च्या बफरवर लावा. सामूची कांडी दरवेळी ढवळलेल्या गढूळ पाण्यात किंवा दरवेळी निवळीत ठेवा. एकदा इथे, एकदा तिथे केलं तर आकडे जुळत नाहीत.

१:२.५ चा आकडा कोणत्याही एका गुणकाने पक्क्या आकड्यात बदलता येत नाही. जादा पाण्यात जिप्समसारखे कमी विरघळणारे क्षारही उतरतात. चोपण मातीचा सामूही पाणी वाढवलं की वाढतो. म्हणून संशयास्पद नमुन्यांचा संपृक्त लगदा करा. २५० ग्रॅम माती भांड्यात घ्या आणि लागणाऱ्या पाण्यातलं बहुतेक एकदमच ओता. भारी मातीला दीडशे-दोनशे मिलिलिटर सहज लागतं. थोडं थोडं घालून घोटत बसलात तर गोळे होतात आणि ते फुटत नाहीत. लगदा तयार झाला की चकाकतो, भांडं कलतं केल्यावर हळू सरकतो आणि चमच्यावरून स्वच्छ सुटतो. झाकून रात्रभर ठेवा. सकाळी माती फुगून लगदा घट्ट झालेला असेल तर पाणी घाला, वर पाणी साचलं असेल तर माती घाला. मग व्हॅक्यूम लावून गाळणकागदातून अर्क काढा.

अर्काची ईसी ४ च्या वर, सामू ८.५ च्या आत आणि सोडियमचं प्रमाण कमी असेल तर जमीन खारवट. ईसी ४ च्या आत, सामू ८.५ च्या वर आणि सोडियम जास्त असेल तर चोपण. ईसीही जास्त आणि सोडियमही जास्त असेल तर खारवट-चोपण, आणि फसवणूक होते ती इथेच.

सोडियम फ्लेम फोटोमीटरवर, म्हणजे ज्योतीच्या उजेडावरून मोजणाऱ्या यंत्रावर मोजा (२३ मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे १ मिलिइक्विव्हॅलंट, आयनांच्या विद्युतभारावर आधारलेलं माप). कॅल्शियम-मॅग्नेशियमसाठी त्यांना बांधून घेणारं ०.०१ नॉर्मल ईडीटीए द्रावण घ्या आणि १० सामूच्या अमोनिया बफरमध्ये एरिओक्रोम ब्लॅक टीचा रंग दारूसारख्या लालसरवरून निळा होईपर्यंत टायट्रेट करा, म्हणजे ते मोजून थेंबथेंब घालत राहा. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बेरजेच्या निम्म्याचं वर्गमूळ काढून त्याने सोडियमला भागा. उत्तर १३ च्या वर गेलं की माती चोपणाकडे गेली. समजा सोडियम ३० आणि बाकी दोन्ही मिळून १८ आले. ९ चं वर्गमूळ ३, भागाकार १०. म्हणजे ही माती अजून चोपण नाही. पडताळा असा घ्या: सगळ्या धन आयनांची बेरीज ईसीच्या साधारण दहापट यायला हवी. इथे बेरीज ४८, तेव्हा ईसी ४.८ च्या आसपास दिसली पाहिजे. ती ७ दिसली तर टायट्रेशन पुन्हा करा.

फ्लेम फोटोमीटर नसेल तर निदान ढेकळाची चाचणी करा. ४-५ मिलिमीटरचा वाळलेला खडा बशीतल्या डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, हलवू नका. दहा मिनिटांनी आणि दोन तासांनी बघा. खडा नुसता फुटून ढीग झाला तर ठीक. भोवती दुधासारखा ढग पसरला तर सोडियमने कण सुटताहेत. मात्र क्षार भरपूर असले की ते कणांना धरून ठेवतात आणि ढग दिसत नाही. खारवट-चोपण माती याच परीक्षेत पास होते आणि क्षार धुतल्यावर एकाच हंगामात दगड बनते. म्हणून ईसी जास्त असेल तर खडा आधी दोन-तीनदा डिस्टिल्ड पाण्याने धुऊन, वाळवून मगच चाचणी करा.

जिप्सम किती, हेही मोजून काढा. जिप्समचं संपृक्त द्रावण करा. त्यात कॅल्शियम लिटरला किमान २८ मिलिइक्विव्हॅलंट हवं. ५ ग्रॅम मातीत त्याचे १०० मिलिलिटर घालून अर्धा तास अधूनमधून हलवा, गाळा, आणि ५ मिलिलिटर गाळीव ईडीटीएने टायट्रेट करा. कोऱ्या द्रावणाला जितकं ईडीटीए लागलं त्यातून हे वजा करा आणि ४ ने गुणा. उत्तर १०० ग्रॅम मातीमागे मिलिइक्विव्हॅलंटमध्ये येतं. आपल्या काळ्या मातीची घनता १.२५ धरली तर १५ सेंटिमीटर खोलीच्या एका एकरात सुमारे ७६० टन माती असते. म्हणजे दर मिलिइक्विव्हॅलंटला शुद्ध जिप्सम साडेसहाशे किलो. फरक १.५ मिलिलिटर आला तर गरज ६ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे एकरी जवळपास ४ टन. पोत्यावरची शुद्धता ७० टक्के असेल तर ०.७ ने भागा. सहसा आधी निम्मी मात्रा मातीत मिसळतात आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मोजतात. मातीत चुनखडी आहे का हेही सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून बघा. जोरात फसफसली तर गंधकाचाही पर्याय खुला होतो, कारण गंधकापासून होणारं आम्ल चुनखडीतलंच कॅल्शियम मोकळं करतं.

थरांचे आकडे शेजारी शेजारी मांडा. ईसी वर जास्त आणि खाली कमी असेल तर क्षार खालच्या पाण्याबरोबर वर चढतोय. अशा रानात पाण्याची पातळी बघितल्याशिवाय एक पोतंही टाकू नका. दोन मीटरचा पीव्हीसी पाईप घ्या, खालच्या एका मीटरला छिद्रं पाडा, जाळी गुंडाळा, गिरमिटाच्या भोकात उतरवून भोवती बारीक खडी भरा आणि वर टोपण लावा. काळ्या मातीत पाणी सावकाश येतं, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस नोंद घेऊ नका. नंतर दर पंधरवड्याला फितीने पातळी मोजा आणि त्याच पाण्याची ईसीही लिहा. पातळी दीड मीटरच्या आत राहत असेल तर आधी सच्छिद्र पाईपचा निचरा किंवा खोल चर, आणि जिप्सम त्यानंतर.